निवडणूक आयोगाचं शपथपत्र पोर्टल: दोषी ठरलेल्या नेत्याचा माग काढायला कितपत उपयोगी?

नेत्याची मालमत्ता कशी फुगत गेली हे बघायला पोर्टल चांगलं आहे. तो दोषी कसा ठरला, हे मात्र इथे सापडत नाही. पाचपैकी तीन.

निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडा आणि उमेदवाराच्या शपथपत्राची पीडीएफ उतरवून घ्या. थेट नावाने शोधाल तर स्पेलिंगमध्ये अडकाल. जुन्या निवडणुका वेगळ्या अर्काइव्हमध्ये आहेत. पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेले कागद: काही तिरके, काही हाताने लिहिलेले, आणि नोटरीचा शिक्का नेमका आकड्यावर! त्यात शब्द शोधता येत नाही.

नमुना २६ (म्हणजे या शपथपत्राचा ठरलेला फॉर्म) मधला मालमत्तेचा मुद्दा ७ आधी उघडा. स्थावर मालमत्तेचा 'अंदाजे बाजारभाव' उमेदवारच लिहितो, त्यावर जाऊ नका. खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत घ्या, मुद्दा ४ मधल्या प्राप्तिकराच्या उत्पन्नाशेजारी ठेवा (२०१९पासून पाच वर्षांचं द्यावं लागतं). पैसा कुठून आला हा प्रश्न तिथे उभा राहतो. रकाने स्वतः, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबितांचे. कमावत्या मुलाच्या नावावर घेतलेला फ्लॅट कुठेच येत नाही. सगळ्यात मोठी गळती हीच.

लालूप्रसाद यादवांचं बघा. २००९ला ते सारणमधून खासदार झाले. ३० सप्टेंबर २०१३ला चारा घोटाळ्यातल्या चाईबासा कोषागार प्रकरणात दोषी ठरले, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि खासदारकी गेली. अपील केलं की पद वाचवणारं लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम ८(४) सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुलैत रद्द केलं होतं. भ्रष्टाचाराच्या खटल्यात कैद झाली की सुटकेनंतरही सहा वर्षं अपात्रता, त्यामुळे तोवर शिक्षेचा मुद्दा ६ भरायची वेळच येत नाही. २०१४ला सारणमधून त्यांच्या पत्नी राबडीदेवी उभ्या राहिल्या. उमेदवार पत्नी असली की पतीची मालमत्ता जोडीदाराच्या रकान्यात येते, पण पतीची शिक्षा येत नाही. मुद्दे ५ (प्रलंबित खटले) आणि ६ उमेदवारापुरतेच.

शिक्षेसाठी ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, जावं लागतं. तिथे खटल्याचा क्रमांक आणि न्यायालय हाताशी असलं की शोध सोपा होतो, आणि ते नेत्याच्या जुन्या शपथपत्रात मुद्दा ५ खाली असतं. पान बंद करण्याआधी तेवढं उतरवून घ्या.