गारठलेली घरगुती जिम: खोली तापवावी, अंग की बार?

गॅरेजात, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा तळघरात वजनं मांडून बसलेल्यांना थंडी सुरू झाली की हमखास पडणारा प्रश्न: हीटर घ्यावा, की अंगावर दोन कपडे जास्त चढवून भागवावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे आधी अंगावर आणि हातांवर खर्च करा, खोलीचं नंतर बघू. आणि हीटर घ्यायचाच असेल तर हवा तापवणारा नको, माणूस तापवणारा घ्या.

धावणारा माणूस एकदा तापला की तापलेलाच राहतो. वजनं उचलणाऱ्याचं तसं नसतं. जड स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर बार (वजनाची दांडी) घेऊन मारायच्या बैठकांचा सेट अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतो आणि पुढची तीन ते पाच मिनिटं नुसतं बसायचं असतं. सेटमध्ये आलेला घाम विश्रांतीत पाठीवर गार पडतो. म्हणजे थंडी बाधते ती उचलताना नाही, बसल्यावर. याचा फटकाही सगळ्यांना सारखा बसत नाही. स्नायूचं तापमान एका अंशाने उतरलं तर उडी किंवा क्लीन, स्नॅच (बार एका झटक्यात खांद्यापर्यंत किंवा डोक्यावर न्यायच्या ऑलिम्पिक लिफ्ट) अशा झटक्याच्या हालचालींतला जोर साधारण ४ ते ६ टक्क्यांनी घटतो; सावकाश जोर लावायच्या हालचालींत घट त्याहून कमी असते. त्यामुळे ऑलिम्पिक लिफ्ट करणाऱ्याने थंडीची जास्त धास्ती घ्यावी, नुसतं बेंच प्रेस (बाकावर पडून बार वर ढकलणं) आणि रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं) करणाऱ्याने थोडी कमी.

आता खोली तापवायचा हिशोब बघा. ३ बाय ४ मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली धरा. तिच्यातली हवा भरते जेमतेम ३६ किलो. ती १० अंशांनी तापवायला वीज लागते ०.१ युनिट, म्हणजे २००० वॉटच्या हीटरला फक्त तीन मिनिटं. ऐकायला छानच वाटतं. पण त्याच खोलीची १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची जमीन १० अंशांनी तापवायची तर ७ युनिट लागतात, आणि भिंती अजून मोजलेल्याच नाहीत. तापलेली हवा या गार जमिनीला, भिंतींना, वजनाच्या प्लेट्सना लागून पुन्हा गार होत राहते, उरलेली शटरखालच्या फटीतून पळून जाते.

विजेच्या हीटरांपैकी कुठलाही घ्या, २००० वॉटचा हीटर सतत चालला तर तासाला २ युनिटच खाणार आणि तेवढीच उष्णता देणार. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. फरक पडतो तो उष्णता कुठे जाते यात. ब्लोअर हवा तापवतो, लगेच तापवतो आणि बंद केला की लगेच विसरतो. शिवाय घामेजलेल्या अंगावर त्याचा वारा लागला की काही वेळा उलट कापरंच भरतं. तेलाचा हीटर शांत, पण संथ. तासभर आधी लावून ठेवायची शिस्त असेल आणि खोली चहूबाजूंनी बंद असेल तर तो चांगला, आयत्या वेळी कपडे बदलून खाली उतरणाऱ्याच्या काही कामाचा नाही. लाल दांड्यांचा किंवा इन्फ्रारेड हीटर समोर जे असेल ते तापवतो: तुमची पाठ, मांड्या, रॅकवरचा (वजनाच्या घोडीवरचा) बार. दाराला फटी असल्या तरी त्याचं फारसं बिघडत नाही. खोट एवढीच की एक बाजू भाजते आणि दुसरी गारच राहते. म्हणून तो भिंतीवर उंच, विश्रांतीला बसता त्या बाकाकडे तोंड करून लावावा, टॉवेल-कपड्यांपासून निदान एक मीटर लांब. आणि वायर थेट पॉवर पॉइंटला, लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डाला नाही.

गॅस किंवा रॉकेलचा, धुराडं नसलेला हीटर मात्र माझ्या यादीतच नाही. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास. त्यात एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, आणि ते जाऊन बसतं तुमच्या गार बारवर. गंज लागायला आणखी काय हवं? विजेचा हीटर हवेत ओल घालत नाही.

कपड्यांचा पर्याय स्वस्त आहे, पण निवड चुकली तर नडतो. आतला थर सुती नको, कारण सुती कापड घाम धरून बसतं. पातळ पॉलिस्टर किंवा लोकर अंगाला चिकटून, वर पुढे चेन असलेली हुडी. चेन का, तर ती सेटला काढायची आणि सेट संपला की लगेच चढवायची असते, आणि डोक्यातून ओढायच्या कपड्याचा तेवढा कंटाळा कोणीही करतो. जाड हुडी घालूनच स्क्वॉट करणाऱ्यांना बार कापडासकट खाली सरकतो तेव्हा कळतं, कमरेचा पट्टाही त्यावरून नीट आवळत नाही. गुळगुळीत विंडचीटर घालून बेंच प्रेस करणाऱ्याचे खांदे बाकावर एका जागी टिकत नाहीत. याउलट निओप्रीनच्या (फोमसारख्या रबराच्या) नी-स्लीव्ह्ज गुडघे उबदार ठेवतात आणि कुठे आडही येत नाहीत. डोक्याला कानटोपी, पायांखाली रबरी मॅट. काँक्रीटवर उभं राहून तळपाय गार पडले की बाकीचे कपडे कितीही असोत, हुडहुडी जात नाही.

हातांचं दुखणं वेगळं. पोलाद लाकडाच्या कितीतरी पट वेगाने हाताची ऊब ओढून घेतं. बोटं बधिर झाली की नर्लिंग (बारवरची खरखरीत नक्षी) हाताला नीट लागतच नाही आणि पकड ढिली पडते. जाड हातमोजे हा सोपा उपाय, पण २८-२९ मिलिमीटरचा बार त्याने मुठीत आणखी जाड होतो. प्रेसला चालून जातं, जड डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलायला) नाही. मला पटतो तो मार्ग असा: विश्रांतीत लोकरी हातमोजे, सेटला उघडे हात आणि आधी पंधराएक मिनिटं बारच्या पकडायच्या जागी शेकायचा इलेक्ट्रिक पॅड गुंडाळून ठेवलेला. इन्फ्रारेड रॅककडे वळवला तरी तेच काम होतं. काही जण बार घरातच ठेवतात. सव्वादोन मीटरची दांडी दारांतून वळवत न्यायची हौस असेल तर ठीक, पण व्यायाम संपवून गार झालेला बार उबदार घरात परत आणला की त्यावर दव धरतं, तो लगेच पुसावा लागतो.

वॉर्म-अप फुकटचा, तरी त्यातच सगळे काटकसर करतात. दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या किंवा रोइंग मशीन, मग रिकाम्या बारचे एरवीपेक्षा दोन सेट जास्त, आणि विश्रांतीत बसण्याऐवजी फेऱ्या. वेळ मोजकाच असेल तर जड सेटच्या मधे दुसऱ्या अवयवाचा हलका सेट घाला, तीन मिनिटं गारठत बसण्यापेक्षा ते बरं. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी मात्र कपड्यांवर भागवू नये. गारठ्याने रक्तदाब चढतो, श्वास रोखून जोर लावला की आणखी चढतो, आणि गार कोरडी हवा दम्याला चाळवते. त्यांनी डॉक्टरांना विचारून, खोली आधी उबदार करूनच उतरावं.

बाकीच्यांमध्ये, पाणी गोठण्याच्या वरच तापमान राहत असेल तर कपडे, वॉर्म-अप आणि बारवरचा पॅड पुरतात. त्याखाली जात असेल किंवा ताकदीचे लांब विश्रांतीचे सेट असतील तर इन्फ्रारेड घ्या. खोली स्वतःची असेल आणि रोज तास-दीड तास तिथेच जाणार असेल, तर हीटरच्याही आधी शटरखालची फट बुजवा, छताला फोम शीट ठोका आणि जमिनीवर जाड रबर पसरा. तेलाचा हीटर घ्यायचा विचार त्यानंतरच करा.