रिमोटच्या बोटीतली ब्रशलेस मोटर, आठ महिन्यांनंतर: सगळं चांगलं, पण ती रबरी रिंग!

परवा शाफ्ट हाताने फिरवला तर करकर आवाज. पुढचं बेअरिंग गंजलेलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "मोटरमध्ये पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." अहो, वॉटर जॅकेट (थंड ठेवायला मोटरभोवती पाणी फिरवणारं आवरण) लावून बोटीसाठी म्हणूनच विकलेली मोटर आहे ही! जॅकेटच्या दोन्ही टोकांना पाणी अडवणारी ओ-रिंग असते. त्यातली पुढची चिरली, पाणी झिरपत मोटरच्या तोंडाशी असलेल्या भोकांतून आत गेलं. पाच रुपयांच्या रबरापायी साडेतीन हजारांची मोटर अडकली.

निवडीचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः पैसे घालवलेत. जुन्या बग्गीतली, म्हणजे रिमोटच्या गाडीतली, 3650 (36 मिमी व्यास, 50 मिमी लांबी), 3900 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 3900 फेरे) मोटर पडून होती. नवी कशाला, म्हणून तीच बोटीत बसवली, वर 3एस बॅटरी (तीन सेल, 11.1 व्होल्ट). 11.1 गुणिले 3900 म्हणजे भाराशिवाय मिनिटाला 43 हजार फेरे. गाडीत लहान पिनियन (मोटरवरचं दातेरी चाक) लावून भार उतरवता येतो. माझ्या बोटीत मोटर फ्लेक्स शाफ्टने (लवचीक दांड्याने) थेट पंख्याला जोडलेली, मध्ये गिअर नाही. शिवाय तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. दोन मिनिटांत वार्निश जळल्याचा वास आला आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बंद पडला. बॅटरी 3एस असेल तर 2000 केव्हीच्या आसपास राहा, आणि मोटर थोडी लांब घ्या. मी 3660 घेतली. सात मिनिटं पळवून लगेच हात लावला तरी सोसते. सेन्सरवाली मोटर (रोटरची जागा ओळखणारी) हळू चालणाऱ्या क्रॉलरला, म्हणजे खडकांवर चढणाऱ्या गाडीला, हवी, बोटीला तिचा खर्च नको.

पुन्हा रिंगेकडे येतो. खोक्यात जादा रिंग नाही, विक्रेत्याकडे सुटी मिळत नाही, "पूर्ण जॅकेट घ्या" म्हणतात. शेवटी निफाडला पंप दुरुस्तीच्या दुकानात जुनी रिंग दाखवली, त्यांनी व्हर्नियरने जाडी मोजून जोडी दहा रुपयांत दिली. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, कोरडी ढकलली तर कडेला कापली जाते.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल जॅकेटला पाणी नेणाऱ्या नळ्या काढल्या तेव्हा सुकाणूमागच्या पाणी घ्यायच्या भोकात शेवाळाचा धागा सापडला. मामांच्या द्राक्षबागेच्या शेततळ्यात बोट चालवतो, तिथे उन्हाळ्यात शेवाळ असतंच. पाणी जाणं बंद झालं, मोटर तापली, रबर कडक होऊन चिरलं. म्हणजे रिंग मुळात वाईट नव्हती. दोन स्टार देणार होतो, आता चार देतो. पाचवा नाही, कारण एवढा नाजूक भाग सुटा न विकणं मला पटत नाही.

आता दर फेरीला कडेच्या नळीतून पाण्याची धार येते का ते बघतो. धार तुटली की थ्रॉटल सोडतो. घरी आल्यावर बेअरिंगला तेलाचा एक थेंब. नवं बेअरिंग बसवलंय, आवाज गेला. रिंगा मात्र सहा आणून ठेवल्यात.