एमजीबीए: गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे खेळ नव्या पडद्यावर

निन्टेंडोच्या २००१ साली आलेल्या, हातात धरून खेळायच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे खेळ साडेतीन इंची, ६४० × ४८० पिक्सेलच्या हातातल्या यंत्रावर खेळण्यासाठी मी एमजीबीए हा मोफत एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरतो. मूळ पडदा २४० × १६० पिक्सेलचा असल्यामुळे चित्र नेमके दुप्पट केले तर चारी बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, आणि पूर्ण रुंदीला ताणले तर काही पिक्सेल शेजारच्यांपेक्षा जाड होऊन अक्षरे वेडीवाकडी दिसतात. मला काळ्या पट्ट्याच परवडतात. कुठल्याही क्षणी खेळ जतन करण्याची सोय लोकलच्या प्रवासात फार उपयोगी पडते, जरी तिच्यामुळे हरण्याची भीती, म्हणजे निम्मी गंमतच, निघून जाते. मूळ यंत्राची बायोस फाइल, म्हणजे त्याच्या अंगभूत प्रोग्रामची प्रत, नसली तरी बहुतेक खेळ चालतात.