मुलांचं सर्किट किट: देवगडच्या खाऱ्या हवेत ८ महिने

मी देवगडात वायरिंगची कामं करतो. २० वर्षं लोकांच्या घरात फेज-न्यूट्रल ओढतोय, पण चौथीतल्या लेकीला लाईट कशी पेटते ते धड सांगता येईना. म्हणून गेल्या मे महिन्यात साडेआठशेचं हे किट मागवलं. दोन पेन्सिल सेलांचा डबा, बल्ब, एलईडी, बझर, मोटरचा पंखा, खटका आणि वायरी. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आता मधे एक पावसाळा गेलाय.

पहिल्या दिवशी तिने सेलला एकच वायर लावली, बल्बाला टेकवली आणि वाट बघत बसली. "बाबा, ह्यो पेटना नाय. कित्याक?" मी तिला बागेतल्या पाइपाचं उदाहरण दिलं होतं: टाकी जितकी उंच तितका जोर, तसं व्होल्टेज. तिथेच माझं चुकलं. पाइप कापला तर पाणी सांडतं. वायर कापली तर सगळंच थांबतं. विजेला सेलकडे परतीची वाट लागते. दुसरी वायर तिने स्वतः लावली तेव्हा हे पटलं.

आणखी एक घोळ आपल्या भाषेचा. पुस्तकातल्या 'बंद परिपथा'तून वीज वाहते आणि घरातला 'बंद दिवा' विझलेला असतो. पोर दोन दिवस चक्रावली. मग खटक्याची पट्टी दाबून दाखवली. 'फट बंद, दिवा चालू' असं तिने वहीत लिहून ठेवलंय. किटच्या पुस्तिकेत असलं काही नाही. ती इंग्रजीत आहे, चित्रांवरच भागवायचं.

सगळ्यात मजा आली ती रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, तीही किटबाहेरची. प्रत्येक फळात माझ्याकडच्या तांब्याच्या तारेचा तुकडा आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खुपसला. मल्टीमीटरवर एका फळाला ०.९ व्होल्टच्या आसपास. तीन फळं एकामागोमाग जोडली तर लाल एलईडी अंधारात जेमतेम मिणमिणला. लांब पाय प्लसकडे, नाहीतर तोही नाही. टॉर्चचा बल्ब मात्र ढिम्म, कारण जोर आहे पण प्रवाह अगदीच थोडा. लेकीला वाटलं, वीज रातांब्यातून आली. खरं तर खिळ्यावरचं जस्त झिजतं त्यातून ती मिळते, आंबट रस नुसती मधली वाट.

एकामागोमाग आणि समांतर (प्रत्येक बल्बाला वेगळी वाट) जोडणीही किटने छान शिकवली. गणपतीत मखराची जुनी माळ अर्धी विझली तेव्हा मी हात लावायच्या आधीच ती म्हणाली, ह्या अर्ध्यातला एखादाच गेलाय, बाकीचे त्याच्या मागे अडकलेत. माळ सॉकेटमधून काढून बघितली, तसंच निघालं.

आता तक्रारी. जुलैपर्यंत वायरींच्या टोकांच्या क्लिपांचे दात गंजले, सेलच्या डब्यातली स्प्रिंग पांढरी पडली. बल्ब लागेना म्हणून लेक रडकुंडीला आली आणि दोष होता कॉन्टॅक्टचा. पॉलिश पेपरने घासलं की चालतं, पण पंधरवड्यात पुन्हा तेच. खाऱ्या हवेसाठी ह्या क्लिपा केलेल्याच नाहीत. म्हणून सगळं स्टीलच्या डब्यात ठेवलं. डबा बंद केला आणि थोड्या वेळाने तो गरम लागला. त्यात ठेवलेली किटबाहेरची ९ व्होल्टची बॅटरी उलटी पडून तिची दोन्ही टोकं डब्याला टेकली होती. वायरमनच्या घरात शॉर्ट! आता डबा प्लास्टिकचा आहे, आणि सेल काढून वेगळे ठेवतो.

प्रवाह आवरणारा रेझिस्टर दिलेला नाही, ही निव्वळ कंजुषी. ९ व्होल्टला थेट लावून एक एलईडी गेला. ३३० ओहमचा रेझिस्टर मध्ये घातला की भागतं, आणि तो दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळतो.

खरा राग दोन वायरींचा. त्यांच्या टोकाला उघड्या पिना आहेत आणि त्या भिंतीच्या सॉकेटात सहज जातात. तिथे २३० व्होल्ट असतात, सेलांचे ३ नव्हेत. पुस्तिकेतला इशारा मुंगीएवढ्या अक्षरांत. लहान मुलाच्या हाती हे देणारा माणूस कधी शॉक न खाल्लेला असावा.

तरीही भाच्यासाठी दुसरं किट मागवलंय. त्यातल्या त्या दोन पिनांच्या वायरी काल माझ्या टूलबॅगेत गेल्या.