बर्फातली जिम्नी : मनाली ते केलाँग रस्त्यावर ती काय करते आणि काय करू शकत नाही

बर्फ पडला की मनालीच्या पुढे, पलचान-सोलंगच्या आसपास, पोलीस गाड्या अडवतात. पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात, किंवा टायरना चेन (लोखंडी साखळ्या) लावलेल्या गाड्या. नाक्यावरून आपल्याला सोडलं म्हणजे आपली गाडी बर्फात सुरक्षित, असा समज मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या अनेकांचा होतो. मारुती सुझुकीची पाच दरवाजांची जिम्नी या रस्त्यावर आता बरीच दिसते. हा रिव्ह्यू तिच्या एवढ्याच कामापुरता आहे : मनाली, अटल बोगदा, सिस्सू, केलाँग हा पट्टा, डिसेंबर ते मार्च. शहरातलं मायलेज आणि मागच्या सीटचा आराम यावर भरपूर लिहून झालंय.

निकाल आधीच सांगतो. बर्फात जागचं हलायला आणि चढ चढायला जिम्नी फार चांगली आहे. थांबायला ती कुठल्याही साध्या हॅचबॅकइतकीच आहे. फोर बाय फोरमुळे इंजिनाची ताकद चार चाकांना जाते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतोच, त्यामुळे थांबताना चार चाकांच्या ओढीचा काडीचा फायदा होत नाही. उलट गाडी इतकी सहज चढते की रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कळतं ते पहिल्या उतारावर.

चांगली का, ते पाहू. गाडीचं वजन सुमारे १२०० किलो. टायर १९५/८० आर१५, म्हणजे आजच्या एसयूव्हींच्या मानाने अरुंद. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन सुमारे १०५ पीएस आणि १३४ एनएम देतं. हायवेवर हे कमी वाटतं, पण बर्फावर कमी टॉर्क म्हणजे चाक जागेवर फिरायची भीती कमी. आणि मुख्य म्हणजे खरा ट्रान्सफर केस आहे, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा वेगळा गिअरबॉक्स. त्याच्या लिव्हरवर तीन जागा : २एच (फक्त मागची चाकं), ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि ४एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). ४एलमध्ये गाडी त्याच गिअरमध्ये साधारण निम्म्या वेगाने चालते आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिनच चाकांना मागे धरतं ते, दुपटीने मिळतं.

आता रस्त्याबद्दल. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ सगळ्यात सोपा, त्यात टायरच्या खाचा रुततात. तोच बर्फ गाड्यांनी दाबून गुळगुळीत केला की पकड बरीच कमी. दुपारच्या उन्हात वरचा थर वितळून संध्याकाळी पुन्हा गोठला की काच. आणि नुसत्या ओल्या दिसणाऱ्या डांबरावर पातळ गोठलेला थर म्हणजे ब्लॅक आइस, जो दिसतच नाही. बर्फ शून्याच्या जवळ, वितळायच्या बेतात असतो तेव्हा सगळ्यात निसरडा असतो. उणे १५ ला त्याच्यावर बरी पकड मिळते.

आकड्यांत सांगायचं तर कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक (पकडीचं माप) ०.७ धरला तर ताशी ३० किमी वेगावरून गाडी ५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर, ०.२५ धरून, १४ मीटर. काचेसारख्या बर्फावर, ०.१ धरून, ३५ मीटर. हे सपाट रस्त्यावर. आता ८ टक्के उतार घ्या, घाटात तो नेहमीचाच. त्याच काचेसारख्या बर्फावर तेच अंतर १७५ मीटरच्या वर जातं, कारण पकडीतला बहुतेक भाग उतारच खाऊन टाकतो. उतार १० टक्के झाला की गाडी थांबतच नाही. यात एबीएस काही करू शकत नाही. तो चाक लॉक होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात ठेवतो, पण नसलेली पकड आणणार कुठून? म्हणून दाबलेल्या बर्फाच्या उतारावर ताशी १५ ते २०, आणि पुढच्या गाडीपासून निदान १० गाड्यांचं अंतर. मागचा हॉर्न वाजवत राहिला तर त्याला वाजवू द्या.

गिअर उतार सुरू होण्याआधी निवडायचा. ४एचमध्ये पहिला किंवा दुसरा, तीव्र उतारावर ४एलमध्ये दुसरा. ४एलचा पहिला गिअर काचेसारख्या बर्फावर टाळलेला बरा : एक्सलेटरवरून पाय उचलताच इंजिन चाकांना इतकं धरतं की तीच घसरू लागतात. तसं झालंच तर ब्रेक दाबू नका, किंचित रेस द्या, चाकं पुन्हा गाडीच्या वेगाने फिरू लागतील. अर्ध्या उतारावर क्लच दाबून गिअर बदलणं ही इथली सगळ्यात महाग चूक, कारण त्या दोन सेकंदांत इंजिन ब्रेकिंग शून्य असतं. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’वर सोडू नका, ‘२’ किंवा ‘एल’ वापरा. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) चांगलं चालतं, पण तेही ब्रेकनेच काम करतं. ते चालण्याच्या वेगात असताना, उताराच्या तोंडाशीच सुरू करा.

जिम्नीच्या फोर बाय फोरमध्ये सेंटर डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. ४एचमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात; बर्फावर हा फरक घसरून जिरतो, कोरड्या डांबरावर जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणावर धरल्यासारखी वाटते, टायर घासतात आणि सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. कधीकधी लिव्हर ४एचमध्येच अडकून बसतो. जोर लावू नका, सरळ रेषेत थोडं मागे-पुढे घ्या, ताण सुटला की लिव्हर येतो.

या रस्त्यावर याचा खरा प्रसंग म्हणजे अटल बोगदा. ९.०२ किमी लांब, ३१०० मीटरच्या आसपास उंचीवर, आत कोरडा रस्ता. धुंडीकडून, म्हणजे मनालीच्या बाजूने, बर्फातून ४एचमध्ये आलात की बोगद्यात शिरल्यावर सरळ रेषेत, एक्सलेटरवरून पाय उचलून, २एचवर या. चालत्या गाडीत हा बदल करता येतो, ताशी १०० च्या आत. चाकं घसरत असताना मात्र करू नका. उत्तरेचं तोंड जवळ आलं की वेग उतरवा आणि बाहेर पडण्याआधीच पुन्हा ४एच टाका. बाहेर लगेच चंद्रा नदीवरचा पूल आहे. पुलाला खालून-वरून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे रस्ता कोरडा असतानाही पूल गोठलेला असू शकतो. त्यात अंधारातून एकदम पांढऱ्या उजेडात आल्यावर डोळे दिपतात. गॉगल डॅशबोर्डवर काढून ठेवा.

४एलसाठी मात्र गाडी पूर्ण थांबवावी लागते. ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’, मॅन्युअल असेल तर क्लच, आणि मग लिव्हर दाबून मागे.

रुतलेल्या गाडीसाठी जिम्नीत डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारी सोय) नाही, ब्रेक एलएसडी आहे. एखादं चाक हवेत किंवा बर्फावर नुसतं फिरू लागलं की गाडी त्याच चाकाला ब्रेक लावते, मग ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाला जाते. हे काम करायला ते चाक एक-दोन सेकंद फिरावं लागतं. बहुतेक जण चाक फिरताच घाबरून पाय उचलतात आणि ‘काहीच होत नाही’ म्हणतात. थोडी, एकसारखी रेस धरून ठेवा, कटकट आवाज येईल, मग गाडी सरकेल. ४एचमध्ये चढावर गाडी एकदम दम तोडल्यासारखी झाली तर ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) इंजिनाची ताकद कापत असतं. तेवढ्यापुरतं बटण दाबून ते बंद करा, वर पोचताच पुन्हा चालू.

सह्याद्रीत पावसाळ्यात फोर बाय फोर चालवणाऱ्यांनी इथे एक सवय घरी ठेवून यावी. चिखलात वेग आणि रेस यांनी टायरच्या खाचा साफ होतात, गाडी निघते. बर्फात चाक फिरवलं की घर्षणाने खालचा थर वितळतो, लगेच गोठतो, आणि तुम्ही स्वतःच्या चाकाखाली काच घडवता. १० सेकंद फिरवलेल्या चाकाखाली बघा, चकचकीत वाटी झालेली दिसते. तिथून निघायचं तर वाटीचा काठ फावड्याने मोडा, पोटाखालचा बर्फ काढा, माती किंवा राख टाका, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघा. बर्फ २० सेंटिमीटरच्या वर असेल तर पुढचा आख्खा ॲक्सल नांगरासारखा बर्फ ढकलू लागतो. तिथे चार चाकंही हरतात.

गाडीची खरी कमजोरी टायर. कंपनीतून येतात ते हायवेचे टायर. साधारण ७ अंशांच्या खाली अशा टायरचं रबर कडक होऊ लागतं. टायरवर नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही, तो खाचांच्या रचनेपुरता शिक्का आहे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल तरच टायर बर्फावर तपासलेला. ऑल-टेरेन टायर घेणार असाल तर ते चिन्ह असलेलाच घ्या. चिखलाचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर इथे आणखी वाईट, ठोकळ्यांवर बारीक चिरा नसतात आणि काचेसारख्या बर्फावर पकड त्या चिराच देतात.

हवेचा दाब वर पोचल्यावर, सकाळी, थंड टायरवर तपासा. तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो. त्याच वेळी उंचीमुळे बाहेरची हवा विरळ होते आणि गेज जास्त दाखवतो. दोन्ही उलट दिशेने चालतात, म्हणून पुण्यात भरलेल्या हवेचा हिशेब घरी बसून जमत नाही. दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब ठेवा. वाळूसारखी हवा कमी करू नका.

आता चेन. पोलिसांनी चेनशिवाय सोडलं तरी डिकीत असू द्या. टायरचा साइज बघून घ्या, आणि आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून बघा. उणे ८ ला, हातमोज्यांत, पहिल्यांदा लावायला गेलात तर अर्धा तास सहज जातो. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांची मोकळी टोकं टायरच्या विरुद्ध बाजूला, बाहेर यायला हवीत, नाहीतर ती टायरची भिंत कापतात. चाकावरून टाका, आधी आतल्या बाजूचा हुक, मग बाहेरचा, मग ताण. ५०-१०० मीटर गाडी चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. ही दुसरी ताणणी टाळली की सैल कडी फेंडर आणि ब्रेकचा पाइप झोडपते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आत काही घासत नाही ना ते बघा. वेग ताशी ४० च्या आत. कोरड्या डांबरावर चेन तुटते, त्यामुळे ९ किमीचा बोगदा चेनवर पार करायचा नाही, आत शिरण्याआधी सुरक्षित जागी काढायची.

एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना? गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या. पण परिणाम समजून घ्या. फक्त मागे लावली तर चढण उत्तम, पण वळणावर पुढची चाकं सरळच जातात. फक्त पुढे लावली तर उतारावर ब्रेक मारताना पुढचं टोक धरतं आणि शेपूट फिरतं. या रस्त्यासाठी आमचं मत दोन जोड्या, चारही चाकांना. डिकी लहान आहे, बॅग एक कमी न्या.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी आधी गिअर लिव्हरच्या शेजारी दुसरा लिव्हर आहे का ते बघावं. जिम्नीत तो असतोच. थारचं जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही आहे आणि दुरून दोन्ही थार सारख्याच दिसतात. आणि डिझेल गाडी असेल तर खालून भरून आणलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण धरून फिल्टर तुंबवतं. जिम्नी पेट्रोल असल्याने ही कटकट नाही.

द्रवांकडे मात्र लक्ष द्या. आपल्याकडे गॅरेजमध्ये कूलंट कमी झालं की पाणी ओततात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही, पण वर्षभर पाणी ओतलेलं असेल तर इंजिन ब्लॉकच धोक्यात. निघण्याआधी तपासून घ्या. वायपरच्या टाकीत नळाचं पाणी असेल तर ते नळीत गोठतं. अल्फा मॉडेलमध्ये हेडलँप वॉशर आहे, त्याचीही तीच गत. एलईडी दिवे तापत नाहीत, त्यामुळे काचेवरचा बर्फ वितळत नाही, उतरून पुसावाच लागतो. टपावरचा बर्फही झाडा, ब्रेक मारताच तो समोरच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, तडकते. बर्फात अडकून हीटर चालू ठेवावा लागला तर सायलेन्सरचं तोंड दर थोड्या वेळाने मोकळं करा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

परतीचं वेळापत्रक उन्हावर ठेवा. सावलीतली वळणं आणि रस्त्यावरून वाहणारे नाले दुपारी चारनंतर गोठू लागतात आणि सकाळी दहापर्यंत सुटत नाहीत.

रात्री मुक्कामाला गाडी लावताना जिम्नीची एक गोष्ट लक्षात असू द्या : मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. बर्फातून आलेलं पाणी ड्रममध्ये असतं, हँडब्रेक ओढून ठेवला की रात्रीत ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटून गोठतात. सपाट जागा शोधा, पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’, चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, वायपर उभे करा. मागचा दरवाजा बाजूला उघडतो, त्यामुळे शेपटीकडे बर्फाचा ढीग येणार नाही अशी जागा घ्या, नाहीतर सकाळी फावडं आत आणि बर्फ दारावर. तरीही चाक धरलंच तर रेस वाढवू नका. रिव्हर्स आणि पहिला, पुन्हा रिव्हर्स आणि पहिला, हलक्या क्लचवर. ‘टक्’ असा आवाज आला की ड्रम सुटला.