जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ: पाचपैकी चार

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी पुण्यातले रस्ते फुटपाथवरूनच पारखते. त्या हिशेबात जं. म. रस्ता वरचा. महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं. इथला रुंद फुटपाथ त्याच सुमाराचा. मुख्य म्हणजे जुनी झाडं जागच्या जागी ठेवून फरसबंदी केली आहे. त्यामुळे एप्रिलमध्येही पाताळेश्वर लेण्यापासून बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत बरीचशी सावलीतून जाते. दोन मैत्रिणी शेजारी शेजारी, हातात पिशव्या, आणि गप्पा न तोडता चालता येतं. हे सुख लक्ष्मी रस्त्यावर फक्त ११ डिसेंबरला, पादचारी दिनी!

बसायला बाकं आहेत. पोरांसाठी खेळणी आहेत, त्यांवर संध्याकाळी आजोबाही लोंबकळताना दिसतात (आमचेही). १ ऑगस्ट २०२३ पासून वनाज–रुबी हॉल मेट्रो सुरू झाल्यावर संभाजी उद्यान स्थानकातून उतरून नाटकाला चालत जाणं अगदी सोपं झालं. रिक्षावाल्याशी हुज्जत नाही.

एक तारा कापला तो दुचाकीवाल्यांसाठी. सायकल ट्रॅक आखलाय, पण त्यावर सायकली कमी आणि लावलेल्या स्कूटरच जास्त. सिग्नल लागला की काही शूरवीर थेट फुटपाथवर चढतात आणि वर आपल्यालाच हॉर्न देतात. मी बाजूला होत नाही. तुम्हीही होऊ नका.

व्हीलचेअर घेऊन येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या, तेव्हा वाट मोकळी असते.