वास गेला, पण चारच दिवसांसाठी (५ पैकी २ स्टार)

डोंबिवलीत भाड्याने वन बीएचके घेतला, आधीचा भाडेकरू घरात सिगारेटी ओढायचा हे नंतर वॉचमनकडून कळलं. घर बघायला गेलो तेव्हा एजंटने कापूर का लावून ठेवला होता ते आता कळतंय 😄 राहायला आल्यावर उशी, टॉवेल, सगळ्याला तोच शिळ्या धुराचा वास, म्हणून ऑनलाइन बघून एका कंपनीची वास घालवायची सर्व्हिस बुक केली, २,८०० रुपये. दोन मुलं वेळेवर आली, बोलायला पण चांगली, मशीनने फॉगिंग केलं आणि दोन तास बाहेर थांबा म्हणाली. परत येतो तर घराला भांड्याच्या लिंबू साबणाचा वास. मी तर खूश होऊन फाइव्ह स्टार दिले होते, ते आज बदलतोय.

चार दिवसांनी पाऊस लागला आणि वास परत हजर. मग ओळखीच्या पेंटरकाकांना बोलावलं, त्यांनी ओलं फडकं भिंतीवर एकदाच फिरवलं, फडकं चहासारखं तपकिरी! सिगारेटचं निकोटिन आणि चिकटा रंगात, प्लास्टरमध्ये मुरतो आणि महिनोन्‌महिने थोडा थोडा बाहेर येत राहतो, दमट हवेत जास्तच. यांनी फॉगिंग केलं ते हवेत, भिंत धुवायची सोडाच, सिलिंग आणि पंख्याची पाती कोणी पुसली पण नाहीत, धूर तर तिथेच जाऊन बसतो ना. काकांनी सगळं सोड्याच्या पाण्याने धुतलं, नीट सुकू दिलं, मग ऑइल प्रायमर मारून वर रंग. नुसता पाण्याचा रंग मारला असता तर डाग आणि वास वर फुटले असते म्हणे. प्रायमरचाच वास इतका की चार दिवस सासुरवाडीला राहिलो, पण सिगारेट गेली.

एक गंमत राहिली. रात्री अकराला बेडरूममध्ये बोंबील तळल्याचा वास, आम्ही तर पक्के शाकाहारी. किचनचा एक्झॉस्ट चालू ठेवून अगरबत्ती स्विचबोर्डपाशी धरली तर धूर भिंतीपासून लांब उडाला, म्हणजे वायरिंगच्या पाइपातून डक्टमधली हवा आत येत होती. इलेक्ट्रिशियनने पाइपाचं तोंड बुजवलं, दीडशे रुपयांत काम.

कंपनीला फोन केला तर म्हणतात, सर, परत फॉगिंग करून देतो, २० टक्के डिस्काउंट. दोन स्टार त्या मुलांचे, वेळेवर आली म्हणून.